माझ्या डोक्यावरची मेघडंबरी

मी तरटेवाडीच्या शाळेच्या गच्चीवरची इंटरनेटची छत्री बोलतेय, आणि सुरुवातीलाच नाव घेऊन टाकते. चूक नाथाजी हवालदारांची. आप्पासोंची नाही, पाहुण्यांची नाही, पत्रा ठोकणाऱ्याची तर अजिबात नाही. गावात हे तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण नाथाजी वयानं मोठे आणि त्यात माजी सैनिक. मला ना वय ना भावकी. मला कुणाच्या पाया पडायचं नसतं.

माझा जन्म कुपवाडचा. एका शेडमध्ये पत्रा दाबून मला गोल केलं, शेजारच्या शेडमध्ये माझे पाय वेल्डिंग झाले. पुढं आलेलं हे माझं नाक मात्र कुठून तरी लांबून खोक्यात बसून आलं, आणि त्याचा त्याला फार ताठा आहे. मला रंग देणारा कामगार दुपारी माझ्यातच डबा ठेवून जेवायचा. म्हणजे इंटरनेटच्या आधी माझ्यात शेंगदाण्याची चटणी उतरलेली आहे.

ज्या शाळांना रेंज नाही त्यांना माझ्यासारख्या छत्र्या देणारी एक संस्था होती. तिचा सांगलीचा तंत्रज्ञ पारस मला टेम्पोत घालून विटा, मायणी करत इकडं घेऊन आला. तरटेवाडी वडूजपासून बावीस किलोमीटर, दोन डोंगरांच्या बेचक्यात. रेंज फक्त वरच्या खिंडीत. तिथल्या एका दगडावर उभं राहून या गावानं सोयरिकी जमवल्या, मोडल्या आणि सीमेवरच्या पोरांशी बोलून रडून घेतलं.

गावकऱ्यांनी मला हार घातला, फोटो काढले आणि सगळी मोठी माणसं खाली चहाला गेली. पारस नटबोल्ट आवळत होता. पाना धरायला दोघंच उरली, नाथाजी आणि त्यांची लेक उत्कर्षा.

पारस म्हणाला, "उपग्रह हितं डोक्यावर हाय, जरा दक्षिणेला. हिला फक्त आभाळ दिसू द्या. मधी काय आणू नका. फांदी न्हाई, फ्लेक्स न्हाई, पत्रा तर न्हाईच न्हाई."

"मला नका शिकवू," नाथाजी हसले. "वीस वर्सं सिग्नलला काढल्यात. लडाखला असल्या छत्र्यांवरचा बर्फ हातानं झाडलाय म्या."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर विसरूच शकत नाही.

पहिले चार महिने झकास गेले. पोरं माझ्या जिवावर ज्वालामुखी बघायची, मास्तर माझ्या जिवावर कुस्त्या बघायचे. अंबूबाई नातवाला बघायला यायच्या आणि पडद्यातल्या पोराला विचारायच्या, "जेवलास का रं?" चार वाजता शाळा सुटली की उत्कर्षा यायची. वडूजची सकाळची एसटी बंद झाली तशी तिची बीएस्सी दुसऱ्या वर्षातच थांबली होती. तालुक्याला खोली घेऊन राहते म्हणाली, तर नाथाजी म्हणाले, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणत होते ते मी गच्चीवरून रोज ऐकते. लोक उसाच्या गाडीबद्दल बोलतात.

तिला एक्स-रे तंत्रज्ञाचा कोर्स करायचा होता. पहिलं वर्ष घरून, दुसरं पुण्याच्या दवाखान्यात. प्रवेशाची परीक्षा कॅमेऱ्यासमोर, एका रविवारी दहा वाजता. सव्वादहानंतर आत घेत नाहीत. वयाची अट बावीस, आणि तिला बावीस सरत आलेली. पुढच्या वर्षी बसायची सोय नव्हती. म्हणून ती रोज माझ्याखाली बसून घोकत होती, मधेच वर बघून म्हणायची, "तेवढं दहा ते बारा सांभाळ गं बाई." मी सांभाळणारच होते. आभाळ बघायचं, एवढंच माझं काम.

मग मोठ्या माणसांना माझी काळजी वाटायला लागली.

शाळा समितीचे अध्यक्ष आप्पासो एक दिवस गच्चीवर सगळ्यांना घेऊन बसले. माझ्यावर हात फिरवून म्हणाले, "एवढी भारी वस्तू, आन् उन्हात करपतीया. देवाला सावली, पुतळ्याला सावली, आन् इंटरनेटला न्हाई व्हय?"

ठरलं. मला मेघडंबरी. चार खांब, वर पत्र्याचा घुमट, त्याला सोनेरी रंग, आणि पुढं पाटी: कै. लालासाहेब यांच्या स्मरणार्थ. लालासाहेब म्हणजे आप्पासोंचे वडील. त्यांनी आयुष्यात कधी फोनसुद्धा उचलला नव्हता, पण ते असू द्या. आप्पासोंना खरंच माझी माया आली होती. त्यांना उपग्रह कुठं असतो हे माहीत नव्हतं, आणि माहीत नसणं हा काही गुन्हा नाही.

माहीत असणारा माणूस तिसऱ्या सतरंजीवर बसला होता. नाथाजींनी माझ्याकडं बघितलं, वर बघितलं, खाली बघितलं आणि तंबाखू मळायला घेतली. आप्पासोंच्या वडलांच्या नावाला आडवं कोण जाणार? मोठ्या माणसांत गप्प बसणं म्हणजे मान राखणं, अशी त्यांची समजूत. लडाखचा बर्फ झाडणारा गडी गावच्या सतरंजीवर गोठला.

खांब उभे राहिले; उत्कर्षाला वाटलं, नुसते शोभेचे. घुमट चढला तो शनिवारी तिन्हीसांजेला, कारण रविवारी दुपारी पाहुणे उद्घाटनाला येणार होते. तेव्हा वर्ग बंद होता, म्हणून लाइन गेलेली कुणाला कळली नाही. उत्कर्षा सकाळी साडेनऊला आली, लॅपटॉप उघडला. माझ्या खालच्या मोडेमच्या डब्याचा दिवा लाल, म्हणजे लाइन नाही. ती धावत वर आली आणि घुमट बघून नुसती उभी राहिली. मग खाली मांडवाकडं सुटली. मांडव शाळेपुढंच होता, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आवं आप्पा, त्यो पत्रा काढायला सांगा. त्याच्यामुळं लाइन येत न्हाई. दहाला माझी परीक्षा हाय!"

आप्पासो हार मोजत होते. थांबले. खरं सांगते, थांबले. वळून म्हणाले, "हवालदार, तुमी सिग्नलला हुता. पोरगी म्हणती ते खरं हाय का? खरं आसंल तर आत्ता उतरवतो."

दहा-बारा जण ऐकत होते. नाथाजींच्या हातात पाना होता. चार बोल्ट, दहा मिनिटांचं काम. पण आता खरं बोलावं तर महिनाभर का बोलला नाहीत, हे कुणी तरी विचारणार.

"तसं काय न्हाई आप्पासो," नाथाजी म्हणाले. "येतंय जरा वेळानं."

"आबा!" उत्कर्षा म्हणाली.

"गप बस. चारचौघांत बोलायची रीत असती."

ती बसली नाही. मैत्रिणीची, साक्षीची स्कूटी घेऊन खिंडीत गेली. दगडावर चढली. तिथं दोन दांड्या रेंज मिळाली आणि परीक्षेचं पान उघडलं तेव्हा दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

पाहुणे एक वाजता आले. फीत कापली, टाळ्या झाल्या. दिवा लालच होता. कुणी बघितला नाही.

सोमवारी सकाळी नाथाजी एकटेच वर आले आणि घुमट उतरवला. माझा दिवा लगेच हिरवा झाला, मला त्याची लाज वाटली. आप्पासो मागून चढून आले, धापा टाकत. त्यांनी आधी घुमटाकडं बघितलं, मग दिव्याकडं.

"म्हंजी पोरगी खरं सांगत हुती."

नाथाजींनी सुटे बोल्ट गोळा करून खिशात घातले. आता कशाला बोलतील!

"मी इचारलं हुतं की वं हवालदार," आप्पासो म्हणाले. "माझा बा काय पत्र्यात बसला हुता व्हय?"

लहानांचं चुकलं की कान धरायचा आणि मोठ्यांचं चुकलं की चहा मागवायचा, ही इथली पद्धत. त्या दिवशीही चहा आला. दोघांनी घेतला.

आता माझं बरं चाललंय. घुमट गावच्या पाणपोईवर बसवला, पाटीसकट, आणि तिथं तो शोभतो. मला ऊन लागतं, पाऊस लागतो, कावळे घाण करतात, मजेत आहे. यंदा चौथीची पोरं चंद्रावरचे खड्डे मोजतायत. अंबूबाईंचा नातू पडद्यात मोठा होतोय. तुमच्या गावात माझी एखादी बहीण आली तर तिला हार घाला, फोटो काढा, काय हवं ते करा. फक्त तुमच्यातल्या ज्याला कळतं, त्यानं वेळेवर तोंड उघडावं. निरोप घेते.

उत्कर्षा साताऱ्याला एका कपड्यांच्या दुकानात लागली. तिथं रेंज भरपूर आहे. नाथाजी रोज चारला वर्गात येऊन तिला व्हिडिओ कॉल लावतात. माझ्याकडून जातो, तिच्यापर्यंत पोचतो, वाजतो. दीड वर्ष झालं. ती उचलत नाही.