जिन्यावरची रिले

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून गेलं होतं. शिकणारा चुकला की आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, दोन शब्द सुनवायचे, की झालं काम. साथ आली, सगळं बंद पडलं, त्यांची गाडीही इमारतीखाली धूळ खात उभी राहिली आणि मास्तर घरात येऊन बसले. घरात होती त्यांची पंधरा वर्षांची मुलगी. आणि इथे त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता.

मुलगी शाळेच्या रिले संघात चौथी धावायची. चौथी म्हणजे शेवटची, आधीच्या तिघींनी घालवलेलं सगळं भरून काढणारी. मैत्रिणी तिला नावाने हाक मारतच नसत, ‘चौथी’च म्हणत. स्पर्धा रद्द झाल्या, मैदानाला कुलूप लागलं. तिची आई मोठ्या रुग्णालयात नर्स. घरी आजार न्यायला नको म्हणून ती तिकडच्याच वसतिगृहात राहायला गेली, आणि रोज संध्याकाळी फोनवर दिसायची ती गालांवर मास्कचे वळ घेऊन. सुरुवातीला मायलेकी खूप बोलायच्या. मग चौथी नुसती मान हलवायला लागली. मग तिच्या खोलीचं दार बंद झालं.

मास्तरांनी आपल्या परीने सगळं करून पाहिलं. लाडीगोडी लावली, रागावून पाहिलं, लवकर उठण्याच्या फायद्यांवर चांगलं लांबलचक भाषण ठोकलं. दार जागचं हललं नाही. केस विंचरणं थांबलं, जेवणाचं ताट अर्धं परत यायला लागलं. एके दिवशी तिने आपला मोबाईल आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा इथेच राहू दे." मास्तरांनी लगेच बायकोला फोन लावला. या वयाची मुलगी आपण होऊन मोबाईल देऊन टाकते, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं!

बायकोने धावपळ करून एका समुपदेशक बाईंशी गाठ घालून दिली. बाई मुलीशी फोनवर बोलू लागल्या. मास्तरांना त्यांनी एवढंच सांगितलं, "तिला हलतं ठेवा, पण ढकलू नका."

हे कोडं मास्तरांना काही सुटेना. ढकलायचं नाही, तर बंद पडलेली गाडी हलायची कशी?

त्याच संध्याकाळी टेबलावरचा मोबाईल वाजला. रोज या वेळी तो वाजून वाजून थांबायचा, आज मास्तरांनी उचलला.

"घे!" पलीकडून कुणीतरी असं ओरडलं, की त्यांनी फोन कानापासून हातभर लांब धरला.

"कोण बोलतंय?"

"काका, मी तिसरी," बोलणाऱ्या पोरीला धाप लागली होती. "तिला द्या ना. पटकन!"

तिसरीला शाळेत सगळे ‘भोंगा’ म्हणत. का म्हणत, ते मास्तरांना लगेच कळलं. भानगड अशी होती, की या मैत्रिणी रोज संध्याकाळी आपापल्या इमारतीच्या जिन्यात रिले धावत होत्या. सगळ्यांचे फोन एकमेकींना जोडलेले. पहिली आपल्या दारापासून गच्चीपर्यंत पळायची आणि वर पोचली की ओरडायची, ‘घे!’ की दुसरी आपल्या जिन्यात सुटायची, मग भोंगा. फोन हाच बॅटन, रिलेत हात मागे करून घेतात ती छोटी काठी. शेवटची हाक चौथीला. चौथीने पळणं सोडलं, मग फोन घेणंही सोडलं, तरी या तिघींनी आपला नेम मोडला नव्हता.

"ती नाही यायची बाळा," मास्तर म्हणाले. "तुम्ही तिघीच पळा."

"तिघींची रिले नसते, काका."

"मग आता?"

"मग तुम्ही पळा! कुणीतरी संपवायला पाहिजे ना? चला, घड्याळ चालू आहे!"

ज्यांच्या धाकाने भलेभले स्टिअरिंग घट्ट धरत, ते मास्तर त्या पोरीच्या दटावणीने घरातल्या चपलांवरच दाराबाहेर पडले. गुडघे कुरकुरले. पोट आपल्या वेगाने वेगळंच पळत होतं. तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब दार किलकिलं करून विचारते झाले, "आग लागली का हो?" फोनमधून तिघी बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या, "काका, थांबू नका!" गच्चीच्या दाराशी पोचेपर्यंत मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"फारच हळू, काका," पहिलीने निकाल दिला.

"उद्या बघतो," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. आणि बोललेला शब्द पाळायचा म्हणजे दुसऱ्या दिवशीही पळणं आलं.

तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही ते पळाले. हळूहळू मास्तरांच्या एक गोष्ट लक्षात आली. या पोरी ‘तिला काय झालंय’ असं कधी विचारत नव्हत्या. उपदेश नाही, हळहळ नाही. आपापल्या घरात त्यांनाही अडचणी काही कमी नव्हत्या. दुसरीच्या वडिलांचं काम सुटलं होतं, आणि पहिली तर आजारातून नुकती उठलेली आजी सांभाळून पळत होती. तरी रोज संध्याकाळी त्या आपला जीव काढून धावत आणि मैत्रिणीची जागा रिकामी ठेवून हाक मारत. मास्तरांना आपल्या भाषणांची लाज वाटली. एवढ्याशा मुली, पण किती मोठं काळीज!

एकदा जेवताना खोलीचं दार थोडं उघडलं. "बाबा, तुम्ही टाच आपटता. इथपर्यंत आवाज येतो. चवड्यांवर पळा."

‘मग ये ना दाखवायला!’ हे मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते घासाबरोबर गिळलं. "बरं," म्हणाले.

ती दारातच उभी राहिली. "तुम्ही कशाला पळता? आई तिकडे रोज माणसं जाताना बघते. कधी तिलाच काही झालं तर? आणि आपण जिन्यात खेळायचं?" तिचा आवाज चिरकला. "मला काहीच करावंसं वाटत नाही. आणि तसं वाटतं म्हणून स्वतःचाच राग येतो."

भीती तर मास्तरांनाही वाटत होती. "मला नाही माहीत पोरी," ते म्हणाले. "वर पोचलो की कडकडून भूक लागते, एवढंच खरं."

दार पुन्हा लागलं. पण त्या दिवशी ताटात काही उरलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी, चवड्यांवर पळण्याच्या नादात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मास्तरांच्या पोटरीत असा पेटका आला की ते मटकन पायरीवर बसले. फोनमध्ये एकच कालवा झाला. "काका! काय झालं? काका, बोला ना!"

खाली दार उघडल्याचा आवाज आला.

चौथी अनवाणी वर आली, विस्कटलेल्या केसांनी. तिने वडिलांकडे एकदा पाहिलं, त्यांना ओलांडून दोन पायऱ्या वर गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. गुडघे किंचित वाकवले. उजवा हात मागे केला, तळवा उघडा.

मास्तरांचे डोळे भरून आले. मुलगी आपल्याला उठवायला आली, असं त्यांना वाटलं. त्यांनी तो हात घट्ट धरला.

"हात नाही हो बाबा!" ती ओरडली. "फोन! फोन द्या!"

फोनमधला कालवा एकदम थांबला. तो आवाज तिघींनी ओळखला होता. मग भोंगा अशी काही ओरडली, की अख्ख्या जिन्याला ऐकू गेलं, "घेऽऽऽ!"

मास्तरांनी फोन तिच्या तळव्यात ठेवला आणि चौथी सुटली. जुना वेग कुठला राहायला? पुढच्याच मजल्यावर दम लागला, ती कठडा धरून थांबली, मग चालली, मग पुन्हा पळाली. मास्तर लंगडत तिच्या मागून चढत राहिले.

वर पोचले तेव्हा ती गच्चीच्या दाराशी बसून, गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडत होती. फोन शेजारी पडला होता. तिघींपैकी कुणीही आपला फोन बंद केला नव्हता. नुसते श्वास ऐकू येत होते. मास्तर ‘रडू नको’ म्हणणार होते. नाही म्हणाले. जवळ जाऊन बसले.

बऱ्याच वेळाने तिने बाहीने नाक पुसलं आणि फोन उचलला.

"मला पूर्वीसारखं पळायला वेळ लागेल," ती म्हणाली. "खूप लागेल. थांबाल?"

"थांबलोच होतो की," भोंगा म्हणाली, पहिल्यांदाच हळू आवाजात.