बस्त्यातला पायाचा अंगठा

आधीच सांगतो, त्या दिवशी मी कुनाची बी टिंगल केली न्हाई. जल्मात पहिल्यांदा. आन् नेमका त्याच दिवशी माझ्यावर कुनाचा इश्वास बसंना.

माझ्या पोरीचा, राजेश्वरीचा बस्ता हुता. लग्नाची कापडं घ्यायला दोन्ही घरची मानसं एका जीपमधी बसून जामखेडवरनं नगरच्या कापडबाजारात आली. निघताना राजीनं मला बाजूला घेतलं.

"आप्पा, आज उचापत करायची न्हाई. सुपारीच्या दिवशी तुमी करणच्या चपला पंख्याला बांधल्या. तवापासनं त्याची आजी म्हनती, बाप असला टवाळ, तर पोरगी कशी निघंल? आज काय केलं तर ती लगीन मोडंल."

मी तिच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली. तिची आई जाऊन सात वरसं झाली. राजीची शपथ मी खोटी घेत न्हाई.

दुकानात चपला भाईर काढून समदे पांढऱ्या गादीवर बसलो. डाव्या अंगाला नवरदेवाची, करणची आजी दगडाबाई, उजव्या अंगाला त्याचा बाप गोरक्षनाथ, म्होरं साड्यांचा ढीग. मधी मी, उसाच्या मोळीत आवळल्यावानी.

साड्या झाल्या. मंग नवरदेवाचा सफारी निघाला. तो नवरीच्या बापानं आपल्या हातानं पैसे मोजून घ्यायचा, ही आमची रीत. चार हजार आठशे. दुकानदारानं मशीन म्होरं सरकवलं. मी ऐटीत मोबाईल काढला. नुसता मशीनला टेकवायचा, पैसे जात्यात. फकस्त त्याच्या आधी मोबाईलला पटवावं लागतं, की मालक मीच हाय.

आन् तितंच फास बसला.

माझा धंदा मोटार भरायचा. इहिरीवरच्या जळक्या मोटारीत नवी तार गुंडाळायची. तीस वरसं तांब्याची तार आन् वार्निस, बोटावरच्या रेघा पार पुसून गेल्या. मोबाईल नवा घेतला तवा गनीभाईनं, म्हंजी माझ्या मोबाईलवाल्या दोस्तानं, माझी दाही बोटं टेकवून बघितली. एक बी घेईना. मी गंमत म्हनून पायाचा अंगठा टेकवला. घेतला की त्यानं! मंग काय, म्हैनाभर स्टँडवर चहा पिऊन पायानं पैसे दिले. लोक हसून लोळायची.

नंबर टाकून बी मोबाईल उघडतो. पन तो नंबर गनीभाईनंच घातलेला. मला दिलेली चिठ्ठी पाकिटात, आन् पाकीट घरी. मोबाईल असल्यावर पाकीट कशाला, म्हनलं.

"काय झालं, पाव्हनं?" गोरक्षनाथ.

"रेंज न्हाई वाटतं."

राजीचा मोबाईल घेऊन मी गनीभाईला लावला. तोंडावर हात धरून म्हनलं, "गनीभाई, माझा मोबाईल उघडायचा नंबर सांग. लई अडकलोय."

"व्हय का? मागच्या टायमाला इहिरीत अडकला हुतास. आमी दोर घेऊन पळत आलो, तर तू काठावर बसून भजी खात हुतास." आन् कट केला. पुन्हा लावला तर उचलंना.

राजी कानात म्हनली, "मी देऊ का पैसे?" पन नवरीच्या पैशानं नवरदेवाचा पोशाख? दगडाबाई तितनंच उठून घरी गेली असती.

म्हनलं भाईर जाऊन गुपचूप अंगठा टेकवावा. उठलो. "जरा पाय मोकळं करून येतो."

"चला की, मी बी येतो." गोरक्षनाथानं गळ्यात हात टाकला. अजगरासारखा हात. मी पुन्हा खाली बसलो.

घाम फुटला. दुकानदार बघतोय, करण बघतोय. शेवटी मांडीवर एक पैठणी पसरली, मोबाईल खाली सरकवला आन् पाय हळूच आत घेतला. अंगठा घामानं ओला. मोबाईल नुसता थरथरला.

"साडी का हालती?" दगडाबाईनं पदर वढला.

समद्यांनी बघितलं. नव्या कोऱ्या पैठणीखाली मोबाईल, आन् मोबाईलवर माझा पाय.

कुनी हासलं न्हाई. ते लई वंगाळ. राजीच्या डोळ्यात टचकन पानी आलं.

"आप्पा, शपथ घेतली हुती ना?"

"राजे, ही गंमत न्हाई. माझं बोट घेत न्हाई गं त्यो. पायाचाच अंगठा लागतोय."

"ऐका!" दगडाबाई म्हनली. "पैसे द्यायची येळ आली, की बापाला बोट न्हाई!"

मी दोन्ही हात दगडाबाईपुढं केले. तिनं माझं बोट धरून आपल्या अंगठ्यानं चोळलं. एक, दोन, दाही बोटं चोळली.

"कशानं झालं?"

"तार आन् वार्निस, आजी."

तिनं स्वताचा पंजा उलटा केला. तळवा गुळगुळीत, नदीतल्या गोट्यावानी. "बेचाळीस वरसं ऊस तोडला. रेशनची मशीन मला म्हनती, तू दगडाबाई न्हाईस." मंग ल्योकाकडं बघून वरडली, "बघतोस काय? लावू दे त्याला पाय!"

दुकानदार कळवळला. "आवो, गादीवर नको, लक्ष्मी हाय."

"मंग धुवून लावंल. करण, पानी घे."

करणनं पायरीवर माझ्या पायावर बाटली वतली, आपल्या रुमालानं अंगठा कोरडा केला. लग्नात सासरा जावयाचे पाय धुतो. माझ्या जावयानं बस्त्यातच माझा धुतला. मी अंगठा टेकवला, मोबाईल उघडला. तसाच पळत जाऊन मशीनला टेकवला. टुंग! राजी रडता रडता हसाया लागली.

जीपमधी दगडाबाई माझ्या कानाशी आली.

"पाव्हनं, रेशनच्या मशीनला पाय चालंल का वो?"

"आजी," मी म्हनलं, "आज माझी शपथ हाय. उद्या इचारा."