सालगड्याच्या नावावरचं घर

बायडाबाई आणि हनुमंत तेरा वर्षं काकासाहेबांच्या शेतावर पत्र्याच्या खोलीत राहत होते. हनुमंत सालगडी. बायडाबाई गाईंच्या धारा काढायची, शेणघाण करायची, खुरपायची. पण गडी म्हटलं की हनुमंतच. शेत कर्जत तालुक्यातलं, बांधाला लागून काळविटांचं अभयारण्य.

दिवाळीनंतर काकासाहेबांनी त्यांच्यासाठी दोन पक्क्या खोल्या बांधायला काढल्या. पाया खणून होतोय तोच वनरक्षक आला आणि काम थांबवून गेला. तो सगळा पट्टा राखीव होता. मालकाला स्वतःसाठी घर बांधायला अडचण नव्हती, पण गड्यासाठी बांधायचं तर त्याने शेतावरच राहणं गरजेचं आहे, हे वनखात्याच्या समितीला पटवावं लागणार होतं. काकासाहेबांनी अर्ज केला.

समितीने हनुमंताला बोलावून विचारलं, गाव तीन किलोमीटरवर आहे, तिथून ये-जा का करत नाही? गावात जागा नाही आणि गाय कधी अडेल ते सांगता येत नाही, असं त्याने सांगितलं. पुढच्या बैठकीत कळवू, म्हणाले. पुढच्या दोन बैठका झाल्याच नाहीत.

मे महिन्यात भर दुपारी वादळ आलं. हनुमंत आत जेवायला बसला होता. बायडाबाई गोठ्यात वासरू बांधत होती. वाऱ्याने पत्रा उचलला आणि तो उडू नये म्हणून वर ठेवलेला दगड हनुमंताच्या डोक्यात पडला. टेम्पोतून दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी परवानगीचं पत्र आलं. काकासाहेबांनी ते तिला वाचून दाखवलं. घर कामावर असलेल्या गड्यासाठीच बांधता येईल, गड्याचं नाव हनुमंत. नवा गडी बघावा लागेल, तोवर तू राहा, मग लेकीकडं श्रीरामपूरला जा, असं ते खाली बघत म्हणाले. ती रडली नाही. हनुमंत गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. घमेलं उचलून ती गोठ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी दुधाची किटली देताना ती म्हणाली, "गडी म्हंजे कामाला असंल त्योच ना?"

"व्हय."

"मंग माजं नाव लावा. तेरा वरसं मी बी कामालाच हाय."

काकासाहेबांनी तिला गाडीवर बसवून वनखात्याच्या कार्यालयात नेलं. बाई सालगडी कशी, असं कारकुनाने विचारलं. तिथल्या साहेबांनी नियमाचा कागद मागवून वाचला. त्यात गडी बाई की पुरुष, काहीच लिहिलेलं नव्हतं. तिचा अंगठा घेतला.

दसऱ्याच्या आत घर उभं राहिलं. लेक आरती दोन दिवस येऊन भांडी लावून गेली. बायाबापड्या बघायला आल्या, बरं झालं म्हणाल्या. बायडाबाईही व्हय म्हणाली. त्या गेल्यावर तिने भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गार होती. तिला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

आठवड्याने वनरक्षक टेप घेऊन मोजायला आला. टेपचं एक टोक त्याने बायडाबाईला धरायला दिलं. खोल्या परवानगीत बसत होत्या. काही सांगायचंय का, असं त्याने विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली, आणि त्याच्या टेपचं दुसरं टोक सोडून गाईंना पाणी दाखवायला गेली.