पदरावरचा भंडारा

अंजनाबाई जतला यल्लम्माच्या जत्रेत दिसली, तीही पदरावर भंडारा घेऊन, ही बातमी ख्रिस्ती मंडळीत पोचायला वेळ लागला नाही. पाहणारे होते मंडळीचे पंच दाविदमास्तर. मास्तर स्वतः जत्रेत काय करत होते हे कुणी विचारलं नाही. बैल बघायला गेले होते म्हणे.

घडलं होतं ते एवढंच. अंजनाबाईची एकुलती लेक सुवार्ता अंथरुणाला खिळलेली. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली म्हणून सांगलीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलेलं. लेकीला सोडून टँकरला जाणं अंजनाबाईला जमेना, म्हणून शेजारची म्हातारी दगडाबाई आपल्या आधी हिची घागर भरून आणायची. त्यातच म्हातारीचा पाय मुरगळला. जत्रा चुकवायची नाही म्हणून ती हट्टाला पेटली, आणि अंजनाबाई लेकीपाशी शेजारची पोर बसवून तिला हाताला धरून देवळाच्या पायरीपर्यंत घेऊन गेली. गर्दीत भंडारा उधळला, तो हिच्याही अंगावर पडला. मास्तरांनी दगडाबाईला गाठून विचारलं, तर ती भोळेपणानं म्हणाली, "सुवार्तासाठी नवस बोललोय की." हे अंजनाबाईलाही ठाऊक नव्हतं.

नवस करणाऱ्याला प्रभुभोजन, येशूच्या नावाची भाकर, मिळत नाही. मंडळीपुढं उभं राहून कबुली दिली, तरच मिळतं.

"दगडाबाई माज्या लेकीच्या मायेनं परस्पर बोलली. मला ठावं न्हवतं," अंजनाबाई पंचांना म्हणाली.

"आणि जत्रेला हात धरून तूच नेलंस," मास्तर म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. ज्या बायकांच्या बाळंतपणात ही रात्रंदिवस राबली, त्यांनीही डोलावल्या. हिच्या काळजाला घरं पडली.

महिन्यातून एकदा येणारे पाळकसाहेब, मंडळीचे धर्मगुरू, सांगलीहून आले, तेव्हा सुवार्ताचा शेवट जवळ आल्याचं कुणी सांगायला नको होतं. साहेब मनानं मऊ होते. मंडळीतल्या चार जणांना घेऊन ते सुवार्ताला भोजन द्यायला घरी आले आणि त्यांनी अंजनाबाईला अंगणात बाजूला घेतलं. "बाई, एवढी कबुली द्या. मंडळी मोकळी करील. मायलेकी एकत्र भोजन घ्या. ही वेळ पुन्हा येणार नाही."

एका शब्दाचं काम होतं. अंजनाबाईच्या जिभेवर तो आलाही.

"साहेब, न केलेलं केलं म्हणू, तेबी प्रभूच्याच मेजाजवळ?" ती म्हणाली. "त्यानं बघितलंय. त्याच्याफुडं खोटं कसं बोलू?"

साहेब खाली मान घालून आत गेले. अंजनाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आतून सुवार्तानं हाक मारली.

"आई, तू नवस केलास, म्हणून देव माज्यावर कोपला का गं?"

मंडळीनं केलेला आरोप तिनं सोसला होता. हा सोसवेना. म्हणजे पोरगी इतके दिवस हेच उराशी धरून पडली होती, आणि हिच्या हातचं पाणी पीत होती.

"न्हाई केला गं पोरी. देवाशपथ न्हाई केला."

सुवार्तानं तिच्याकडं बघितलं. मग तिनं साहेबांपुढं हात केला आणि भाकरीचा तुकडा घेतला.

चार दिवसांनी ती गेली. त्या चार दिवसांत अंजनाबाईनं तिला, माझं खरं वाटलं का, असं विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

माती देऊन सगळे परतले. दाविदमास्तरही दोन शब्द सांत्वनाचे बोलून गेले. दगडाबाई रडत, लंगडत दूर जाऊन बसली. अंजनाबाई ओल्या मातीपाशी गुडघ्यावर आली. रडून तिचा आवाज बसला होता, तरी ती मोठ्यानं बोलली, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"देवा, मंडळीत मला कवा घ्यायचं ते तू बघ. माजी घाई न्हाई. पर माजी लेक आता तुज्याजवळ हाय. तिला तेवढं खरं सांग."