नवीन कर्मणी प्रयोग

मास्तरांनी टर्बोचा शाफ्ट चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात फिरवला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर ओढला आणि म्हणाले, "नाहीये."

"काय नाहीये?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"काही नाही."

"तेच विचारतेय. काय नाही?"

जेवणाच्या टेबलावर बायकोच्या जुन्या प्रुफांचे कागद अंथरून मास्तरांनी गेलेल्या टर्बोचं शवविच्छेदन मांडलं होतं. शेजारी कॅमेरा तयार होता. त्यांना फोटो हवा होता तो काजळीचा. शाफ्टवर जळून घट्ट बसलेल्या, नखाने न निघणाऱ्या काळ्या थराचा. लेखात तो पहिल्या धड्याच्या बाजूला छापायचा होता. आणि शाफ्टवर काजळी औषधालाही नव्हती.

मास्तर तंत्रशाळेत चोवीस वर्षं इंजिन शिकवत होते, त्यामुळे टर्बो म्हणजे काय हे ते कुणी न विचारताही सांगत. इंजिनाचा जो धूर एरवी सायलेन्सरवाटे फुकट जातो, त्याच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्राकडून इंजिनात जादा हवा कोंबून घ्यायची. इंजिन छोटं, ताकद मोठी. चक्राचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तापून लाल होतो. त्याला आधार काय, तर ऑइलचा केसाएवढा पातळ थर. म्हणून गाडी थांबली की इंजिन लगेच बंद करायचं नाही. दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं. ऑइल खेळतं राहतं, शाफ्ट निवतो. घाई केली तर अडकलेलं ऑइल तिथेच जळतं आणि त्याची काजळी होते.

हे सगळं त्यांनी स्वतःच्या गाडीवर करून दाखवलं होतं. गाडी चार दारांची, चौदा वर्षांची, स्वभावाने गरीब. तिला टर्बो बसवावा असं तिच्या कंपनीतल्या एकाही माणसाच्या मनात कधी आलं नसेल. मास्तरांच्या मनात आलं. अकरा रविवार खर्ची पडले. शेवटी डॅशबोर्डवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पट्टी चिकटवली: 'दोन मिनीटे थांबा'. दुसऱ्या दिवशी 'मिनीटे'मधला 'नी' पेन्सिलीने ऱ्हस्व झालेला दिसला. गाडी रोज बायको नेत असे. ती छापखान्यात प्रुफं तपासायची, आणि चूक दिसली की तिचा हात थांबत नसे.

आठ महिने गाडी वाऱ्यासारखी धावली. मग बारा दिवसांपूर्वी, भर दुपारी, पुलाच्या चढावर टर्बोने शिट्टी घातली, शिट्टीची किंकाळी झाली आणि मागचा रस्ता निळ्या धुरात गडप झाला. बायकोने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि फोन केला.

"लगेच बंद केलंस?" हा मास्तरांचा पहिला प्रश्न होता. तिला लागलं का, हा बहुधा तिसरा असावा.

"अहो, धूर येत होता."

"आत्ताचं नाही विचारत. रोज. रोज पोचल्यावर दोन मिनिटं थांबतेस ना?"

"थांबते."

"एखाद्या दिवशी घाईत विसरली असशील. आठव जरा. असं उगाच होत नाही."

पलीकडे पुलावरून एक ट्रक गेल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "असेल."

मास्तरांनी तो कबुलीजबाब धरला. संध्याकाळी साडूंना सांगितलं, दुसऱ्या दिवशी तंत्रशाळेत सांगितलं, आणि रविवारी जुन्या गाड्यांच्या मंडळात तर साभिनय सांगितलं. मंडळाच्या सेक्रेटरींना सगळे सायलेन्सर म्हणत, कारण आवाज कमी करणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. ते खुर्चीतून अर्धे उठले.

"मास्तर, हे पत्रिकेत आलंच पाहिजे! 'टर्बो का गेला: सात धडे'. आणि वहिनींचा किस्सा पहिला."

मास्तरांनी तो पहिला घातला. 'धडा १: घरच्यांच्या हाती गाडी देण्यापूर्वी दहादा विचार करावा. माझ्या पत्नीनी गरम इंजीन लगेच बंद केलं आणि माझी अकरा रवीवारांची मेहनत दोन मिनीटांत जाळली.' बाकीच्या सहा धड्यांत पत्नी नव्हती, त्यामुळे ते जरा रुक्ष झाले होते.

लेख नेहमीप्रमाणे तपासायला तिच्याकडे गेला. नेहमीप्रमाणे सकाळी परत आला. 'पत्नीनी'चं 'पत्नीने' झालं होतं. 'इंजीन'चं 'इंजिन', 'रवीवारांची'चं 'रविवारांची', 'मिनीटांत'चं 'मिनिटांत'. बाकी एका शब्दाला तिने हात लावला नव्हता. "बघ, बायकोसुद्धा हसली असणार," मास्तरांनी मनाशी म्हटलं, आणि फोटोपुरतं काम उरलं म्हणून टर्बो उघडायला घेतला.

आता तो उघडा पडला होता आणि साक्ष भलतीच देत होता. शाफ्ट काळा नव्हता, निळा होता. स्वच्छ, कोरडा, मोरपंखी निळा. त्यावर ओरखडे होते, पण जळलेल्या ऑइलचा ठिपकाही नव्हता.

तंत्रशाळेतल्या फळीवर असे दोन शाफ्ट मास्तरांनी वर्षानुवर्षं ठेवलेले होते. एक काळा, एक निळा. काळा म्हणजे इंजिन घाईने बंद केलं. निळा म्हणजे ऑइल पोचलंच नाही. काळ्यात चूक चालवणाऱ्याची, निळ्यात बसवणाऱ्याची. गेल्या परीक्षेत याच प्रश्नावर त्यांनी अठरा जणांचे गुण कापले होते आणि वर शेरा मारला होता, 'डोळे उघडे ठेवून पाहावे.'

त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं. मग ऑइलची बारीक नळी उचलली. नळीच्या टोकाला पोकळ बोल्ट होता. त्याच्या पोटातून ऑइल टर्बोत जातं. मास्तरांनी बोल्ट उजेडाला धरून एका डोळ्याने आरपार बघितलं. आरपार काही दिसलं नाही. चिमटा घातला. आतून काहीतरी चिवट, लवचिक, गांडुळासारखं बाहेर आलं. लाल होतं.

सिलिकॉन. जोड गळू नये म्हणून लावतात ती लाल पेस्ट. ऑइलच्या जोडावर ती लावायचीच नसते. तिथे तांब्याचा नवा वॉशर घालायचा असतो. हे मास्तर वर्गात दोनदा सांगत आणि तिसऱ्यांदा फळ्यावर लिहीत. पण त्या अकराव्या रविवारी वॉशर जुना होता, दुकान बंद होतं आणि घरात अख्खी ट्यूब होती. आत शिरलेला तुकडा आठ महिने जोडाला चिकटून राहिला आणि मग सुटून इथे अडकला होता.

ती बॅटरीचा उजेड धरून उभी होती, हेही आता आठवलं. जोड आवळला तशी लाल पेस्ट चहूबाजूंनी बाहेर आली होती.

"अहो, केवढं बाहेर आलंय," ती म्हणाली होती. "मग तेवढंच आत पण गेलं असेल ना?"

"तू अक्षरं बघ," मास्तर बॉनेटखालून म्हणाले होते. "मी इंजिन बघतो. आणि बॅटरी हलवू नकोस."

तिने बॅटरी हलवली नव्हती.

मास्तरांनी लाल तुकडा प्रुफाच्या कोऱ्या समासावर ठेवला आणि किल्ली घेऊन खाली गेले. गाडी बारा दिवस धूळ खात उभी होती. ते चालकाच्या जागेवर बसले. पुढ्यात पट्टी होती. 'दोन मिनिटे थांबा.' का बसलोय हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. हात आपोआप ॲशट्रेकडे गेला. दोघांपैकी कुणीही सिगरेट ओढत नव्हतं. ॲशट्रे काठोकाठ भरला होता. पेन्सिलीच्या सालांनी. पातळ, गोल, लाल किनारीच्या.

त्यावरून मध्यंतरी ते तिच्यावर डाफरलेही होते. "गाडी आहे की शाळेचं दप्तर?" तेव्हा ती म्हणाली होती, "दोन मिनिटं काय करू मग? एक पेन्सिल होते टोक करून." त्यांनी ते ऐकलं होतं, म्हणजे कानावर पडलं होतं. आता त्यांनी दोन बोटांनी सालं चाळवली. तळाशी गेलेली मऊ पडली होती, वरची अजून करकरीत होती.

वर आले तेव्हा फोन वाजत होता.

"मास्तर!" सायलेन्सर. "पाचला पानं लावतोय! फोटो कुठाय?"

"लेखात थोडा बदल आहे."

"बदल? किस्सा तर ठेवलाय ना? अहो, आमच्या हिला वाचून दाखवला, ती दोन दिवस बोलत नाहीये. एवढा फर्मास झालाय!"

"पाचपर्यंत देतो," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी लिहायला घेतलं. पहिला धडा खोडला. खरं तेच लिहायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं, आणि ठरवल्याबद्दल छातीत जरा बरंही वाटू लागलं होतं. तरी पेन तीनदा टेकलं आणि तीनदा उचललं गेलं. मंडळात बत्तीस लोक होते. त्यातले नऊ त्यांचे विद्यार्थी. त्या नवांत चार त्या अठरातले. मग एकदाचं वाक्य सापडलं आणि पुढची भराभर आली:

'ऑइलच्या जोडावर सिलिकॉन लावलं गेलं. ते प्रमाणाबाहेर लावलं गेलं. याबाबत वेळीच शंका काढली गेली होती, परंतु तिच्याकडे दुर्लक्ष केलं गेलं. तसेच पत्नीवर ठेवला गेलेला ठपका चुकीचा होता.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. शुद्धलेखनाचीसुद्धा एक चूक दिसत नव्हती. कागद घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. ती ओट्याशी उभ्याने कुठल्याशा वार्षिक अहवालाची प्रुफं वाचत होती.

"हे जरा बघतेस?"

"ठेवा तिथे. हा एवढा परिच्छेद संपवते." ती मान खाली घालूनच म्हणाली. "चाळीस पानं झाली. चाळीस पानांत एका माणसानेही काही केलेलं नाही. सगळं केलं गेलं. निर्णय घेतले गेले, झाडं तोडली गेली. याला नवीन कर्मणी म्हणतात, माहितीये? काम होतं, पण कुणाच्या हातून ते कळत नाही. कळवायचं असेल तर 'कडून' लावावं लागतं. ते मात्र कुणी लावत नाही."

"हं," मास्तर म्हणाले. ते ऐकत नव्हते. खिशातून लाल तुकडा काढून त्यांनी तो कागदावर वजनासारखा ठेवला. "बघ तू. मी बाहेर आहे."

बाहेर येऊन ते शाफ्ट पुसत बसले. तो आधीच स्वच्छ होता. आतून पाण्याचा आवाज आला, थांबला. खुर्ची सरकली. मग पेन्सिलीचा आवाज आला. बारीक. एकदा, दोनदा. थांबून तिसऱ्यांदा. आणि जरा अंतराने चौथ्यांदा.

ती आली, कागद टेबलावर ठेवला, तुकडा त्यावर पुन्हा होता तिथे ठेवला आणि म्हणाली, "चहा टाकते."

मास्तरांनी तुकडा बाजूला केला. मजकुरात एकही खूण नव्हती. वेलांटी, उकार, सगळं जागच्या जागी. फक्त डाव्या समासात, चार वाक्यांसमोर, तिच्या टोकदार पेन्सिलीने चारदा लिहिलेलं होतं. कुठेही जोर न देता, छापखान्यात कुठल्याही लेखकाला विचारतात तसं:

'कोणाकडून?'
'कोणाकडून?'
'कोणाकडून?'
'कोणाकडून?'

फोन पुन्हा वाजला.

"मास्तर, पाच वाजले! पाठवताय ना?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं म्हणजे..."

"दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं," मास्तर म्हणाले. "थांबा."

त्यांनी टेबलावरची तिची पेन्सिल उचलली. टोक बघितलं, ठीक होतं. पहिल्या वाक्यातलं 'लावलं गेलं'मधलं 'गेलं' खोडलं. वाक्याच्या सुरुवातीला जागा कमी होती, पण एका अक्षरापुरती होती. पेन्सिल तिथे टेकवून ते थांबले. तिसऱ्या वाक्यात तर जागा जास्त लागणार होती.

"अगं," त्यांनी हाक मारली.

"काय?"

"'मी' दीर्घच ना?"

आत कपबशीचा आवाज थांबला.

"दीर्घच," ती म्हणाली. "एकटं अक्षर दीर्घच लिहायचं असतं."

मास्तरांनी लिहिलं. वेलांटी जरा जास्तच खाली आली.