तीन वर्षांत एकही रजा नाही

त्या सोमवारी सकाळी धाकटीच्या नवऱ्याला प्रशस्तिपत्र मिळालं. त्याला जाऊन तेव्हा तीन वर्षं आणि दोन महिने झाले होते.

पत्र कारखान्याच्या सिस्टीमनं आपणहून पाठवलं होतं. ‘सलग तीन वर्षांत आपण एकही रजा घेतली नाही. आपली निष्ठा सर्वांना आदर्श आहे.’ धाकटीनं ते दोनदा वाचलं. तिला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि मग दूध उतू जाईल म्हणून ती उठून स्वयंपाकघरात गेली.

कारखाना तिच्या मोठ्या दिरांचा. त्यांना घरीदारी सगळे दादा म्हणत. तिथे इस्पितळातल्या प्राणवायूच्या नळ्यांवर बसणारे पितळी व्हॉल्व्ह बनायचे. ही ईआरपी सिस्टीम धाकटीच्या नवऱ्यानंच बसवलेली. गिऱ्हाइकाची ऑर्डर इंटरनेटवरून आली की पितळ किती उचलायचं, कुठल्या मशीनवर काम लावायचं, चाचणी झाली की नाही, गाडी कधी सोडायची, सगळं एका पडद्यावर दिसायचं. जो तो आपल्या नावानं आत शिरायचा आणि आपल्या नावानं सही करायचा. रात्रंदिवस शेजारी बसून धाकटीही ते शिकली होती. तो अचानक गेला, तेव्हा ते काम येणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ती नेमकी विधवा होती.

“चार पुरुषांत जाऊन बसणार? लोक तोंडात शेण घालतील,” दादा म्हणाले. मग त्यांनीच तोड काढली. स्वयंपाकघरामागच्या खोलीत कॉम्प्युटर आला. धाकटीनं काम करायचं, पण नवऱ्याच्या नावानं. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना तो गेल्याचं कळवलंच नाही. “सिस्टीमला काय कळतंय? नाव चालू आहे ना, मग झालं,” दादा म्हणाले. सासूबाईंनीही मान डोलावली. घरबसल्या काम, वर अब्रूही शाबूत!

तेव्हापासून धाकटी त्या खोलीत होती. खोलीला एक खिडकी होती, ती शेजारच्या भिंतीवर उघडायची. दिवाणखान्यात पाहुणे आले की सासूबाई खोलीला बाहेरून कडी घालायच्या आणि कधीकधी काढायला विसरायच्या. फोनवर बोलायची तिला बंदी. गिऱ्हाइकाचा फोन आला की दादा घ्यायचे आणि ती आतून लिहून पाठवील ते मोबाईलवर बघून बोलायचे. एकदा तिनं ‘माल शुक्रवारी निघेल (हळू बोला)’ असं पाठवलं, तर दादांनी गिऱ्हाइकाला ठणकावून सांगितलं, “माल शुक्रवारी निघेल, हळू बोला!” गिऱ्हाईक बिचारं खरंच हळू बोलायला लागलं.

हसण्यासारखं होतं, पण हसायचं कुणाबरोबर? तिची अकरा वर्षांची लेक शाळेतून यायची तेवढाच वारा. मागच्याच आठवड्यात पोरीनं शाळेचा फॉर्म भरला. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘बाबा.’

वर्ग हसला म्हणे. “पण खरंच आहे ना गं? तू दिवसभर बाबाच असतेस,” पोर म्हणाली. धाकटीनं तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवून घेतलं.

तर त्या सोमवारी दुपारी पडद्यावर लाल पट्टी उमटली. दोनशे चाळीस व्हॉल्व्ह गाडीत भरून तयार होते, पण दाबाची चाचणी फक्त तीस नगांची झालेली. चाचणीचं मशीन बंद पडलं होतं. सिस्टीमनं माल अडवला.

थोड्याच वेळात दादा दारात आले. ते खोलीत कधी येत नसत, उंबऱ्यावरूनच बोलत.

“धाकटे, ती लाल पट्टी काढ. गाडी खोळंबलीय.”

“दादा, दोनशे दहा नगांची चाचणी राहिलीय.”

“अगं, तीस चांगले निघाले ना? शितावरून भाताची परीक्षा. चाचणी झाली म्हणून सही टाक.”

“कुणाच्या नावानं?”

“कुणाच्या म्हणजे? त्याच्याच.” दादा वैतागले. “उद्या काही झालंच, तर तो काय वरून जाब द्यायला येणार आहे?”

नवऱ्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. ज्या व्हॉल्व्हमधून माझ्या पोरीला श्वास घ्यायला लावीन, त्यावरच मी सही करीन. आणि आता त्याच माणसाच्या नावानं हे करायचं होतं, तेही तिच्या हातांनी.

“मी नाही करणार, दादा.”

मागून सासूबाई आल्या. “ज्याच्या जिवावर घर चालतं त्याचं ऐकावं, बाई.”

“तेच म्हणतेय, आई. कुणाच्या जिवावर चालतं?” आपण हे मोठ्यानं बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

दादांचा आवाज चढला. “अर्ध्या तासात सही झाली पाहिजे. नाहीतर उद्यापासून हा कॉम्प्युटर बंद, पोरीची शाळा बंद. बसा दोघी इथंच!” दार आपटलं. कडी लागली, आणि या वेळी ती पाहुण्यांसाठी लागलेली नव्हती.

धाकटी पडद्यासमोर बसली. पोरीची शाळा! तिला रडू फुटलं. दोनदा तिचं बोट सहीच्या बटणावर गेलं आणि दोनदा मागे आलं. मग तिला एक गोष्ट दिसली, जी तीन वर्षं रोज डोळ्यांसमोर होती. नवऱ्याच्या नावाला सिस्टीममध्ये सगळे अधिकार होते, नवं माणूस नोंदवण्याचासुद्धा. किल्ली तिच्याच हातात होती. सासरनं तिला कोंडलं होतं हे खरं, पण आपलंही नाव असू शकतं हे तिला स्वतःलाच कधी सुचलं नव्हतं.

तिनं नवा अर्ज उघडला. पहिला रकाना: नाव. बोटं थबकली. लग्नपत्रिकेवर छापलं गेल्यानंतर ते चौदा वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. नवरा ‘अगं’ म्हणायचा, बाकी सगळे धाकटी. तिनं एकेक अक्षर जपून लिहिलं. वाचकहो, तुमच्या घरात जिच्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर खपतं, तिचं नाव तिथे लिहून पाहा, तेही चालेल.

मग तिनं नवऱ्याची नोंद उघडली. ‘बंद करण्याचं कारण’ खाली यादी होती. बदली, राजीनामा, निवृत्ती, मृत्यू. तिनं शेवटचं निवडलं. सिस्टीमनं विचारलं, ‘आपली खात्री आहे का?’

“झाली तुझी ड्यूटी. आता रजा घे,” ती त्याला म्हणाली आणि बटण दाबलं.

शेवटी तिनं त्या मालावर स्वतःच्या नावानं शेरा लिहिला: ‘चाचणी अपूर्ण. माल थांबवला आहे.’ सही करणारं माणूस बदललं की गिऱ्हाइकाला नव्या नावानिशी सूचना आपोआप जात असे. तीही गेली.

दहाच मिनिटांत दिवाणखान्यातला फोन वाजला. दाराआडून तिला दादांचा आवाज ऐकू आला.

“कोण हव्यात? ... नाही हो, अशा नावाचं इथं कुणी राहत नाही. ... अहो, माझंच घर आहे, मला माहीत नसेल का? राँग नंबर!”

धाकटी उठली. दोन्ही मुठींनी तिनं दारावर अशा थापा मारल्या की सगळं घर दणाणलं. कडी काढली ती नुकत्याच शाळेतून आलेल्या पोरीनं, दप्तर पाठीवर असतानाच. धाकटी स्वयंपाकघरातून सरळ दिवाणखान्यात आली आणि तिनं दादांच्या हातून रिसीव्हर घेतला.

“हो,” ती म्हणाली. “मीच बोलतेय.”