पहिला फाटतोच

मुलगी रविवारी दुपारी येणार होती, आणि तिच्यासमोर पॅनकेकचा थरांचा केक ठेवीन असं मी फोनवर बोलून बसलो होतो. का बोललो ते मला अजून नीट सांगता येत नाही. नोकरीभर ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक टाकले. अंडं फोडलं तर निम्मं कवच भांड्यात पडतं, असा माझा हात. पण ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं चहा-बिस्किटांवर जगताय. आईला तिकडं ठेवू या. जागा रिकामी झालीय, सोमवारी कळवायचंय." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोण म्हणतं बिस्किटांवर जगतो? रविवारी ये. आईचा थरांचा केक करून वाढतो तुला."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तिकडं म्हणजे विसरणाऱ्या माणसांना सांभाळतात त्या घरात. आम्ही ते पाहून आलो होतो. घर वाईट नव्हतं. चादरी स्वच्छ होत्या, बायका हळू बोलत होत्या. फक्त स्वयंपाकघराला कुलूप होतं, आणि आमची ही बराच वेळ त्या दाराची कडी हलवत उभी राहिली होती.

"बरं," त्याच फोनवर मुलगी म्हणाली. "तुम्हाला स्वयंपाक जमतोय आणि आई गॅसपाशी जात नाही, एवढं मला डोळ्यांनी दिसू दे. मग मी तो विषय पुन्हा काढणार नाही. शब्द देते."

आमच्या हिनं मागे एकदा रिकामं पातेलं पेटत्या शेगडीवर ठेवलं होतं आणि गॅलरीत जाऊन बसली होती. तेव्हापासून शेगडीची बटणं मुलीनं उपसून माझ्या ताब्यात दिली होती. ती माझ्या स्वेटरच्या खिशात असत. चाललो की खुळखुळत.

रविवारी सकाळी ओट्यावर पाककृतींची दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडून ठेवली. दोन्हीत एकमत नव्हतं. एक म्हणे मिश्रण पातळ असावं, दुसरं म्हणे वाहतं असावं. वाहतं म्हणजे किती? पाण्यासारखं की मधासारखं? ग्रंथालयात अशी शंका आली की तिसरं पुस्तक काढायचं, ही माझी जुनी सवय. तिसरं घरात नव्हतं. मैद्यात दूध ओतलं तर गुठळ्या झाल्या. गुठळ्या मोडल्या तर फेस आला. बटणं बसवून गॅस पेटवला, तव्यावर लोणी टाकलं, वर डावभर पीठ. ते चिकटलं. उलथणं घातलं तर त्याचा गोळा झाला. दुसरा खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. तिसऱ्याविषयी न बोललेलं बरं.

ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पांढऱ्या नॅपकिनची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. दिवसाचा बराच वेळ ती हेच करते.

"झोपलं नाही," ती म्हणाली.

"कोण झोपलं नाही?"

"पीठ. त्याला झोपू द्या की जरा. कालवलं की लगेच उठवून तव्यावर?"

मला ते असंबद्ध वाटलं. तिचं बोलणं हल्ली तसंच असतं. मी चौथा टाकला. तोही गेला. घड्याळाकडं पाहिलं. मुलगी यायला दोन-तीन तासच राहिले होते, आणि ओट्यावर माझ्या चार चिंध्या पडल्या होत्या. मी पुस्तकाचं पान मागं उलटलं, आणि तिथं बारीक अक्षरांत होतं: मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे. ती ओळच माझ्या नजरेतून सुटली होती.

मी गॅस बंद केला. पीठ झाकलं. अर्धा तास आम्ही दोघं त्या झाकलेल्या भांड्यापाशी बसून राहिलो. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसतात तसे.

मग मी पुन्हा तवा तापवला आणि डाव उचलला. पुन्हा एकदा पुस्तकात डोकावलो. ती उठली, नॅपकिन खुर्चीवर ठेवला, आणि माझ्या हातातून डाव काढून घेतला.

तिथंच मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

"सरका," ती म्हणाली. "नाचता येईना, अंगण वाकडं. दोन दोन पुस्तकं लागतात यांना!"

तिनं तवा उचलून तिरका केला, पीठ ओतलं, मनगट एकदा फिरवलं. पीठ कडेपर्यंत कागदासारखं पसरलं. पहिला उलटताना मधोमध फाटला. मी उचलून टाकायला गेलो तर तिनं हातावर चापट मारली. "टाकता काय? पहिला फाटतोच." तो तिनं वेगळ्या ताटलीत जपून ठेवला. पुढचे एकेक करून निघत गेले, पातळ, कडेला तपकिरी. मी नुसता बघत होतो. किती तरी दिवसांनी ती मला नवऱ्याला ओरडावं तसं ओरडत होती. "अहो, ताट धरा. अहो, वाफ जाऊ द्या आधी. गरमावर साय लावली तर घसरून पडेल सगळं." मी ताट धरलं. मला वाटलं, आता हे असंच राहील. म्हाताऱ्या माणसाला काय काय वाटतं.

पॅनकेक गार झाल्यावर साखर घालून घोटलेली साय आणि आंबट मुरंबा घेऊन ती थर लावायला बसली. एक पॅनकेक, त्यावर साय, त्यावर पॅनकेक, त्यावर मुरंबा. तेवढ्यात बाहेर फोन वाजला. शेगडीवर तवा होता, खाली आच मंद होती. अजून एखाद-दोन निघतील म्हणून ठेवली होती. मी बाहेर गेलो.

मुलगीच होती. "निघालेय. काही आणायचंय का?"

"काही नको. सगळं तयार आहे," मी म्हटलं. आवाजात जरा ऐटच आली असावी.

"आई कुठाय?"

"इथंच आहे. खुर्चीवर."

आत आलो तेव्हा ती तव्यापाशी उभी होती. तव्यात नॅपकिन होता. चौकोनी घडी घातलेला, लोण्यात भिजलेला. ती उलथण्यानं त्याची कड उचलून खालून भाजला का ते बघत होती. एक टोक तव्याबाहेर लोंबून आचेला लागलं होतं आणि धूर काढत होतं.

"हा जरा जाडच झाला," ती मला म्हणाली.

मी नॅपकिन ओढून नळाखाली धरला. गॅस बंद केला, बटणं उपसून खिशात टाकली, खिडक्या सताड उघडल्या. ती घाबरली नाही. तिनं फक्त "अहो, पाण्यात काय घालता?" असं विचारलं आणि पुन्हा थर लावू लागली, त्याच नीट हातानं. ओला नॅपकिन कुठं लपवावा ते सुचेना. बाहेरच्या खोलीत जाऊन विश्वकोशाच्या खंडांमागे कोंबला. पुस्तकांमागे ओलं कापड! पण त्या घटकेला मला दुसरी जागाच आठवली नाही.

मुलगी आली. चपला काढायच्या आधी तिनं नाक वर केलं. "काय जळलं?"

"पहिले चार करपले. शिकाऊ माणूस मी."

ती हसली. तिला हसलेलं पाहून मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. हिनं तिच्याकडं पाहून मान डोलावली. "या, बसा ना. संकोच करू नका." मुलीचा चेहरा क्षणभर उतरला, मग ती म्हणाली, "नाही करत हो," आणि बसली.

केक टेबलावर होता. उंच, सरळ, वरून साखर भुरभुरलेली. मुलगी त्याच्याकडं पाहतच राहिली. "बाबा, हे तुम्ही केलंत?"

"पुस्तकात बघून."

मी सुरी चालवली आणि तिला मोठा तुकडा वाढला. तिनं पहिला घास घेतला, डोळे मिटले. "अगदी तसाच," ती पुटपुटली. दुसरा घास घेताना काटा थरांच्या मध्ये अडला. तिनं तुकडा आडवा केला आणि थर एकेक करून उलगडू लागली. बरोबर मध्यात एक पॅनकेक फाटका होता. फट साईनं सांधलेली, कडा जुळवून बसवलेल्या.

"हा मध्ये कुणी लावला?"

"मीच."

"का?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. दोन्ही पुस्तकांत नव्हतं.

"वर ठेवला तर दिसतो, खाली ठेवला तर वजनानं आणखी फाटतो," शेजारून ही म्हणाली. तोंडात घास होता. "मध्ये घालावा. दोन्हीकडून धरतात त्याला."

मुलीनं काटा खाली ठेवला. "मी लहान होते तेव्हा मला स्टुलावर उभं करून हेच सांगायचीस." मग माझ्याकडं वळून, "आई गॅसपाशी होती."

"मी शेजारीच होतो ना."

"सगळा वेळ?"

मला हो म्हणता आलं असतं. मी म्हणणारही होतो. तोंड उघडलं होतं. पण ही मुलीच्या हाताला हात लावून, पाहुण्यांना सांगतात तशी म्हणाली, "एक जरा बिघडला हो. जाड झाला होता. यांनी नळाखाली धरला."

मी उठलो, विश्वकोशामागून नॅपकिन काढला आणि टेबलावर ठेवला. त्याचं टोक काळं होतं. खंडांच्या मागच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

मुलगी रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं नॅपकिन उलगडला, जळलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. "बाही असती तर, बाबा?"

"मला ती परत आल्यासारखी वाटली गं. मला ओरडत होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "म्हणूनच तुमच्यावर सोडता येत नाही. तुम्ही पुन्हा डाव द्याल तिच्या हातात."

मी देईन. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. मी हात पुढं केला आणि शेगडीची बटणं टेबलावर ठेवली. पिठानं चिकट झाली होती. तिनं ती पुसून पर्समध्ये टाकली. "उद्या कळवते त्यांना, बुधवारी गाडी पाठवतील."

"तिकडं," मी विचारलं, "तिला नुसतं पीठ तरी कालवू देतील का? गॅसशिवाय?"

"विचारते."

"विचारच."

ताटातलं मुलीनं सगळं खाल्लं, तो फाटका थरसुद्धा. जाताना हिनं केकचा एक तुकडा कागदात गुंडाळून तिच्या हातात कोंबला. "वाटेत खा. तुमच्या आईलाही द्या." मुलगी दारातच थोडा वेळ पाठमोरी उभी राहिली.

ती गेल्यावर मी भांडी घासली. एका वाडग्यात थोडं पीठ उरलं होतं. टाकवेना. शेगडीला बटणं नाहीत, आणि बुधवारी हिला न्यायला गाडी येणार, तरी मी ते झाकलं. झाकण ठेवताना आवाज झाला.

"हळू," ती खुर्चीवरून म्हणाली. तिच्या हातात आता दुसरा नॅपकिन होता. "आत्ताच झोपलंय ते."

मी तिच्याशेजारी बसलो आणि त्या संध्याकाळी अगदी हळू बोललो.